खाली माती, वर मशीन

आमच्या पेठेतल्या तालमीच्या वरच्या मजल्यावर जिम निघाली, तेव्हा उद्घाटनाला वाटलेल्या पेढ्यांतले चार मी खाल्ले. आरोग्य-उद्योगाशी माझे संबंध असे पहिल्या दिवसापासूनच गोड आहेत.

तालीम म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही, पण परगावच्या वाचकांसाठी सांगतो. दुसरीकडं माणसाला आडनाव विचारतात, आमच्याकडं ‘कुठल्या तालमीचा?’ असं विचारतात. तालमीत कुस्तीचा हौदा असतो हे खरं, पण गणपतीही तालमीचा असतो आणि फुटबॉलची टीमही तालमीचीच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं ऐकून पाहुण्याला वाटतं, इथं शड्डू घुमत असतील. प्रत्यक्षात ही पोरं मैदानावर गोल मारतात आणि कुस्ती नंतर होते, प्रेक्षकांत.

आमचे आजोबा पैलवान होते. त्यात विशेष काही नाही, त्या काळात कोल्हापुरात पैलवान नसलेला आजोबा शोधावा लागला असता. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं. हौदा मधोमध आणि बसायची जागा चहूबाजूंनी चढत गेलेली, म्हणजे शेवटच्या रांगेतल्यालाही कोण चितपट झालं ते स्वच्छ दिसावं. त्याच मैदानाला लागून आज खाऊगल्ली आहे. आमच्या पिढीनं भिंतीची कुठली बाजू निवडली, ते माझ्याकडं बघून कळतं.

तर ही जिम. वय चोपन्न, कमरेचा पट्टा शेवटच्या भोकावर, आणि डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ‘हं’ एवढंच म्हटलेलं. डॉक्टर बोलले असते तर मी दुर्लक्ष केलं असतं, पण त्या ‘हं’नं मी जिमची पायरी चढलो. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढं सरकवला आणि विचारलं, “सर, तुमचं गोल काय आहे?”

मी खाली बघितलं. “तेच घेऊन आलोय,” म्हटलं.

ती हसली नाही. हा प्रश्न ती दिवसात वीस जणांना विचारत असणार आणि वीसही जण हेच म्हणत असणार. मग तिनं मला एका मशीनवर अनवाणी उभं केलं. मशीननं कागद ओकला. त्यावर चरबी, पाणी, हाडं यांचा तपशील होता, आणि तळाला माझं ‘मेटाबॉलिक’ वय सदुसष्ट असल्याचा निकाल. म्हणजे मशीनच्या हिशेबानं मी नऊ वर्षांपूर्वीच रिटायर झालोय, फक्त पेन्शन चालू व्हायची राहिली. या धक्क्यात माणूस असतानाच त्याला वर्षाची ऑफर सांगायची असते. महिन्याचे पंधराशे, वर्षाचे एकदम भरले तर नऊ हजार. मी वर्षाचे भरले. बाराला नऊ म्हटलं तरी मराठी माणूस थांबत नाही, इथं तर अठराला नऊ होतं.

तालमीत नाव घालायची रीत वेगळी होती. मी तेरा वर्षांचा असताना वडिलांनी मला हाताला धरून खाली नेलं, मारुतीपुढं नारळ फोडला, वस्तादांच्या पाया पडायला लावलं. फॉर्म नव्हता. वस्तादांनी माझा दंड दोन बोटांत धरून बघितला, आणि वांगी घेणारा माणूस किडकं वांगं जसं हळूच परत ठेवतो तसा सोडला. पहाटे चारला उठून जोर, बैठका, मग हौदा उकरायचा. आठ दिवसांनी मी जायचं बंद केलं. नवव्या दिवशी पहाटे साडेचारला दार वाजलं. दारात वस्ताद. त्यांनी मला अंथरुणातून कानाला धरून उठवलं, तसंच रस्त्यानं चालवत नेलं, आणि त्या दिवशी दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते बघितलं. पुढची चार वर्षं मी एकही खाडा केला नाही.

जिम चुकवली की काय होतं? फोनवर मेसेज येतो: ‘वी मिस यू’, सोबत रडका चेहरा. त्याच दिवशी संध्याकाळी दुसरा येतो: ‘रिन्युअलवर वीस टक्के सूट’. वस्तादांना आमची आठवण कधीच आली नाही. ते स्वतः यायचे.

आणि माझी खरी अडचण हीच होती. जिमचा जिना तालमीच्या दारातनं जातो आणि दाराशेजारच्या कट्ट्यावर वस्ताद बसलेले असतात. वय ऐंशीच्या पुढं, कान दोन्ही फुटलेले, नजर मात्र शाबूत. पहिल्या दिवशी मी पांढरे बूट हातात घेऊन, अनवाणी, भिंतीच्या कडेनं वर निघालो होतो.

“बूट हातात घिऊन जिना कोण चढतंय रं?” खालनं आवाज आला. “एक तर चोर, न्हाईतर उशिरा घरी आल्याला नवरा. तू त्यातला कोण?”

“वस्ताद, ते… जरा वर… व्यायाम.”

“मग वर कशाला? व्यायाम खालीच हाय की. वर काय, वजन हलकं पडतंय?”

वर ट्रेनर होता तो वस्तादांचाच नातू. खाली आजोबांपुढं तो ‘व्हय आजा’ म्हणतो. सोळा पायऱ्या चढून वर आला की त्याची भाषा बदलते. “सर, कोअर एंगेज करा. स्पाइन न्यूट्रल. वन मोअर, सर, वन मोअर.” कोअर एंगेज करा म्हणजे काय हे मला दोन दिवस कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तो वैतागून मूळ भाषेवर आला, “काका, पोट आत घ्या की!” आणि मी तत्काळ घेतलं. ज्याला हे लोक ‘हिंदू पुशअप’ म्हणतात तो आपला जोर आहे. कोपऱ्यात स्टीलचे दोन चकचकीत ‘क्लब’ ठेवलेत, फोटो काढण्यापुरते. तेच लाकडी रूपात खाली तालमीच्या दाराला टेकण म्हणून लावलेत. हे मुद्गल ब्रिटिश पलटणींनी इथून उचलून विलायतेत नेले, तिथं त्यांचे वर्ग निघाले, १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवायची स्पर्धासुद्धा झाली. आता ते परत आलेत, येताना किंमत घेऊन आलेत.

ट्रेडमिलवर माझा फार जीव होता, कारण तीवर पुढं जावं लागत नाही. पण कुठंतरी वाचनात आलं की हे यंत्र १८१८ मध्ये विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरनं इंग्लंडमधल्या कैद्यांसाठी बनवलं. कैद्यांनी तासन् तास पायऱ्या तुडवायच्या, कुठं पोचायचं नाही. पुढं ती शिक्षा माणुसकीला धरून नाही म्हणून शतक संपता संपता बंद झाली. त्या कैद्यांकडनं वर्षाचे पैसे आगाऊ घेतले नव्हते, एवढा फरक धरा.

खुराकाचंही तसंच. आजोबांच्या खुराकात बदाम, तूप, थंडाई. थंडाई घोटायला दोन शिकाऊ पोरं लागायची, म्हणजे पिणाऱ्याबरोबर घोटणाऱ्यांचाही व्यायाम व्हायचा. आता डबा येतो. पाच किलोचा असला तरी डब्यावरच्या माणसाचे दंड बघून तो दहा किलोचा वाटतो. व्हे प्रोटीन म्हणजे चीज करताना उरणारं पाणी. युरोपात एके काळी ते डुकरांना पाजत किंवा सरळ ओढ्यात सोडत. त्याची भुकटी करायची अक्कल कुणाला तरी सुचली आणि ओढ्यातलं पाणी सोन्याच्या भावात गेलं. गंगावेशीत रात्री दुधाच्या कट्ट्यावर म्हैस तुमच्यासमोर पिळतात आणि फेसासकट पेला हातात देतात. परवा तिथं एक तरुण बघितला. म्हशीपासून दोन हातांवर उभा राहून तो बाटलीत पाणी आणि भुकटी घालून खळाखळा हलवत होता. म्हैस त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती मला वस्तादांच्या नजरेसारखी वाटली.

मी जिमला अकरा दिवस गेलो. नंतर पावसाळा लागला, मग पितृपक्ष, मग ऑडिट.

घरी बसून मी हिशेब मांडला, कारण सहकारी संस्थेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काही येत नाही. काउंटरवरच्या मुलीनं कौतुकानं सांगितलं होतं की साडेपाचशे मेंबर झाले. हॉल मी पावलांनी मोजला होता; चाळीस माणसं आत शिरली तर एकतालिसाव्याला डंबेल खिडकीबाहेर धरावा लागेल. म्हणजे सगळ्या मेंबरांनी एखाद्या सोमवारी खरंच यायचं ठरवलं तर रांग बिंदू चौकापर्यंत जाईल. जिम उभी आहे ती न येणाऱ्यांच्या जिवावर. हे मला एकट्याला सुचलेलं नाही. स्टेफानो देलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमची हजेरीपुस्तकं तपासून २००६ मध्ये एक निबंध छापला. त्याच्या मथळ्याचा मराठीत अर्थ होतो, ‘जिमला न जाण्यासाठी पैसे भरणे’. महिन्याला सत्तर डॉलरच्या वर भरणारी माणसं महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच यायची. एका खेपेला सतरा डॉलरहून जास्त पडायचे. दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला दहात भागलं असतं. माझ्या नऊ हजारांना अकरा दिवसांनी भागलं तर… नको. ही शेजारीच बसलीय.

सरकारला मात्र आमची काळजी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. तोवर घाम गाळणं ही चैन समजली जात होती. कर उतरल्याचा बोर्ड आमच्या जिमनं लावला, फी होती तिथंच राहिली. विचारलं तर म्हणाले, एसीचं बिल वाढलंय.

जिमचे पैसे नसतील त्यांच्यासाठी निधी आहे. आमच्या बागेत हिरव्या-पिवळ्या रंगाची खुली व्यायामशाळा बसवलीय. प्रत्येक यंत्रावर कुणाच्या निधीतून ते ठळक अक्षरांत आणि कसं वापरायचं ते बारीक अक्षरांत. निवडणूक लांब असली की यंत्रं कुरकुरतात. दुपारी त्यांच्यावर पोरं झोके घेतात, संध्याकाळी आज्या टेकून बसतात. खांद्याच्या यंत्रावर एकदा साडी वाळत घातलेली बघितली, तीही छान ताणली गेली होती.

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी तर विचारू नका. पूर्वी लोक फिरायला जायचे, आता मोजायला जातात. मुलानं मला घड्याळ आणून दिलं, दिवसाला दहा हजार पावलं झालीच पाहिजेत म्हणे. हा दहा हजारांचा आकडा कुणा वैद्यानं काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानात ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मीटर. विक्रेत्याचं घोषवाक्य आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलंय. परवा गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ गेले. सगळे पंचगंगेच्या स्मशानात गेलो. सरण पेटलं, सगळे मान खाली घालून उभे, आणि माझ्या मनगटावर घड्याळ थरथरलं. अंधारात अक्षरं उजळली: ‘अभिनंदन! आजचं उद्दिष्ट पूर्ण.’ शेजारच्यानं ते वाचलं. परतताना हळूच म्हणाला, “माझी सातशे कमी पडत्यात. नदीकडनं जाऊया का?”

आहाराचा विषय मी टाळणार होतो. पण २०१८-१९ च्या आसपास महाराष्ट्राची जी फाळणी झाली, तिच्यावर न लिहिणारा लेखक भेकड ठरेल. ऋजुता दिवेकर म्हणतात थोडं थोडं खा, तूप-भाताला घाबरू नका. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत उरका, मध्ये काही नाही. दोन्ही एकत्र करण्याचा विनोद एव्हाना इतका झिजलाय की त्याचीच चरबी उतरली. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्या घराण्यात जेवायला पंचावन्न मिनिटं कधी कुणी घेतली नव्हती. वीस मिनिटांत ताट धुवायला जायचं. वैज्ञानिक परवानगी मिळाल्यापासून मी मिनिटं वाया घालवत नाही. तांबडा, पांढरा, सुकं, पुन्हा पांढरा. चाळिसाव्या मिनिटाला वाटतं पुरे, पण घड्याळ म्हणतं अजून पंधरा शिल्लक. ही म्हणते, “मी तर आता दीक्षितच करतो.” (कोल्हापुरात बायकाही ‘मी करतो’ म्हणतात, परगावच्यांनी दचकू नये.) तिचं वजन तीन किलो उतरलं. ती मला वाढायला उठते, तेवढ्यात तिचाही व्यायाम होतो.

बाकी झुंबा वगैरे आहे. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, गणपतीच्या मिरवणुकीत आम्ही हे फुकट करतो.

मॅरेथॉनबद्दल मात्र म्हणायचंय. हल्ली इकडच्या प्रत्येक शहराची एक असते. साताऱ्याची घाटातली हाफ मॅरेथॉन तर देशभर प्रसिद्ध आहे, आणि कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडची माणसं दर वर्षी दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग यांच्यामधली जवळपास नव्वद किलोमीटरची कॉम्रेड्स पळून येतात. त्यांना माझा साष्टांग नमस्कार, तोही मी आता उठताना हात देणारा कुणी असेल तरच घालतो. पण आमच्यासारख्यांसाठी पाच किलोमीटरची ‘फन रन’ असते. हजारभर रुपये भरले की टी-शर्ट, छातीवर नंबर, केळं आणि शेवटी पदक. पळणाऱ्याला पदक, चालणाऱ्याला पदक, मध्येच रिक्षा केलेल्यालाही पदक. माझ्याकडं तीन आहेत.

खाशाबा जाधवांकडं ऑलिंपिकचं एकच होतं. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक त्या गहाणखतातनं मिळालं. गोळेश्वरच्या या माणसाला आणायला शंभरावर बैलगाड्या निघाल्या होत्या. मी माझं तिसरं पदक घेऊन घरी आलो, तेव्हा दार उघडून ही म्हणाली, “येताना कोथिंबीर आणलीत?”

गेल्या आठवड्यात मी कट्ट्यावर वस्तादांशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, आता लपण्यात अर्थ नाही. आत सात-आठ पोरं लढत होती. सगळी खेड्यांतनं आलेली, तालमीतच राहणारी. पेठेतलं एकही नव्हतं. हौद्यात नुकतं ताक आणि तेल पडलं होतं. हळद, लिंबू, कापूर यांचा तो वास नाकात गेला आणि मला तेरा वर्षांचा असल्यासारखी कानात कळ आली.

“वस्ताद, चुकलंच. वर जायला नको होतं.”

“का नको?” म्हातारा म्हणाला. “ही माती भिजवायला वरसाला किती जातंय, ठावं हाय? वर्गणीत भागतंय व्हय? वरचं भाडं येतंय म्हणून हौदा वला हाय.”

“पण वर तर कुणी येत नाही. पैसे भरतात आणि गायब होतात. मी स्वतः…”

“तेच म्हणतोय मी. समदी रोज यायला लागली तर त्यो आणि धा मशिनी घील, दोन पोरं ठेवंल, लाइट जाळंल. मग भाडं कशातनं दील?” त्यांनी माझा दंड दोन बोटांत धरला, बघितला, आणि सोडला. एकेचाळीस वर्षांत मत बदललेलं नव्हतं. “तू आपला घरीच बस. पैसं तेवढं भर.”

आत कुणीतरी ढाक मारली. खालची माती धपकन वाजली. वर एकटीच ट्रेडमिल फिरत असल्याचा आवाज येत होता, वर कोण होतं कुणास ठाऊक.

मी दुसऱ्याच दिवशी पुढच्या वर्षाचेही नऊ हजार भरून टाकले. चालू मेंबरशिपचे सात महिने शिल्लक आहेत आणि ती दुसऱ्याच्या नावावर करता येते. कुणाला हवी असल्यास निम्म्या किमतीत देईन. सोबत पांढरे बूट, नऊ नंबरचे, अकरा दिवस वापरलेले, फुकट. अट एकच आहे: घेणाऱ्यानं रोज जायचं नाही.